मार्शल लॉ (दक्षिण कोरिया) : राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारावरील मर्यादा

दक्षिण कोरियात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे असतो, तर तो उठवायला लावण्याचा अधिकार राष्ट्रीय सभेकडे, म्हणजे संसदेकडे. १९८७ च्या संविधानाचे कलम ७७ आणि मार्शल लॉ कायदा यांत ही विभागणी आहे. घोषणेआधी संसदेची संमती लागत नाही. त्यामुळे सगळी मदार घोषणेनंतरच्या मतदानावर राहते, आणि ते मतदान होऊ शकेल की नाही हाच या व्यवस्थेतला सर्वांत नाजूक प्रश्न आहे.

घोषणेसाठी दोन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात : युद्ध, सशस्त्र संघर्ष किंवा त्याच तोडीची राष्ट्रीय आणीबाणी, आणि लष्करी गरजेसाठी किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी सैन्य उतरवण्याची निकड. घोषणेपूर्वी मंत्रिमंडळात विचारविनिमय व्हावा लागतो (कलम ८९). राष्ट्राध्यक्षांचा आदेश लेखी हवा आणि त्यावर पंतप्रधानांची व संबंधित मंत्र्यांची प्रतिस्वाक्षरी हवी (कलम ८२). घोषणा होताच विनाविलंब संसदेला कळवायचे. अधिवेशन चालू नसेल तर ते बोलवायला सांगायचे.

मार्शल लॉचे दोन प्रकार आहेत. सौम्य प्रकारात लष्करी सेनापतीकडे केवळ लष्कराशी निगडित प्रशासन व न्यायविषयक कामे जातात. आणीबाणीच्या प्रकारात त्या भागातली सर्व प्रशासकीय व न्यायविषयक कामे त्याच्या हाती येतात. अटक-वॉरंट, भाषण, वृत्तपत्रे, सभा व संघटना, तसेच सरकार आणि न्यायालये यांच्या अधिकारांबाबत विशेष उपाय करता येतात ते याच प्रकारात. या यादीत संसदेचे नाव नाही, आणि सारे काही त्यावरच अवलंबून आहे : मार्शल लॉमध्येही संसदेचे कामकाज थांबवता येत नाही. गुन्हा करताना रंगेहाथ सापडल्याखेरीज खासदाराला अटकही करता येत नाही.

उठवण्याच्या ठरावाला उपस्थितांचे नव्हे, तर एकूण सदस्यांचे बहुमत लागते. ३०० जणांच्या सभागृहात १५१ मते. ठराव मंजूर झाला की राष्ट्राध्यक्षांना तो मानावाच लागतो. मात्र उठवण्याची औपचारिकता मंत्रिमंडळाच्या बैठकीतूनच पूर्ण होते. थोडक्यात, १५१ खासदार प्रत्यक्ष सभागृहात पोहोचणे ही खरी कसोटी. १७ मे १९८० रोजी मार्शल लॉ देशभर लागू झाला तेव्हा सैनिकांनी संसदच बंद पाडली होती.

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष यून सुक येओल यांनी आणीबाणीचा मार्शल लॉ पुकारला. लष्कराच्या पहिल्याच फर्मानाने संसदेच्या कामकाजावर बंदी घातली. पोलिसांनी फाटके अडवली, कमांडो खिडक्या फोडून इमारतीत शिरले. सभापती वू वॉन शिक यांच्यासह अनेक खासदार कुंपणावरून चढून आत गेले. सैनिक इमारतीत असतानाही ठराव रीतसर दाखल होईपर्यंत सभापतींनी मतदान घेतले नाही, आणि हा संयम मोलाचा होता : प्रक्रियेत त्रुटी राहिली असती तर तिच्यावर बोट ठेवून ठराव अमान्य करायला वाव मिळाला असता. रात्री एकच्या सुमारास ठराव १९० विरुद्ध ० मतांनी मंजूर झाला. मार्शल लॉ उठायला मात्र पहाटेचे साडेचार वाजले. मधल्या साडेतीन तासांसाठी कायद्यात ठराविक मुदत नव्हती. ‘विनाविलंब’ हा शब्द तेवढा होता.

१४ डिसेंबरला संसदेत यून यांच्याविरुद्धचा महाभियोग २०४ मतांनी मंजूर झाला. ४ एप्रिल २०२५ रोजी संविधान न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी यून यांना पदच्युत केले. यून यांनी घोषणेसाठी पुढे केलेली कारणे, म्हणजे विरोधकांनी सरकारी अधिकाऱ्यांवर लावलेले महाभियोग आणि अंदाजपत्रकातली कपात, ही राजकीय कोंडी असून तिच्यावर सैन्य हा उपाय नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. घोषणेपूर्वीची जेमतेम पाच मिनिटांची बैठक हा विचारविनिमय ठरत नाही, प्रतिस्वाक्षऱ्याही नव्हत्या, हेही निकालात नोंदले गेले.

जुलै २०२५ मध्ये संसदेने मार्शल लॉ कायद्यात दुरुस्ती केली. तिच्यानुसार मार्शल लॉच्या काळात सभापतींच्या परवानगीशिवाय सैनिक वा पोलिसांना संसदेच्या आवारात प्रवेश करता येत नाही.