पाझरणाऱ्या जखमेवर शैवालाची पट्टी

मधुमेहात पायाला झालेली जखम सारखी पाझरत असेल, तर डॉक्टर कधी कधी तिच्यावर पांढऱ्या, लोकरीसारख्या मऊ तंतूंची पट्टी ठेवतात. दोन दिवसांनी ड्रेसिंग उघडलं की तंतूंच्या जागी बुळबुळीत थर दिसतो. पू झाला म्हणून घरचे घाबरतात. बहुतेक वेळा ते त्या तंतूंचंच जेल असतं. मात्र दुर्गंधी, ताप किंवा वाढती लाली असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवायला हवं.

ही पट्टी अल्जिनेट नावाच्या पदार्थाची. तपकिरी समुद्री शैवालांच्या पेशीभित्तिकेत ते असतं. लाटांचा मार खाऊनही शैवाल लवचीक राहतं ते त्याच्याच जोरावर. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ स्टॅनफर्ड यांनी १८८१ च्या सुमारास ते वेगळं केलं. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या सरगॅसम या तपकिरी शैवालातही ते आहे.

पट्टीतलं कॅल्शियम अल्जिनेट पाण्यात विरघळत नाही. जखमेच्या स्रावात मात्र सोडियम भरपूर असतं. तंतूंमधलं कॅल्शियम बाहेर पडतं, सोडियम त्याची जागा घेतं आणि तंतू स्राव शोषून फुगतात, साधारण आपल्या वजनाच्या १५ ते २० पट. सुटलेलं कॅल्शियम रक्त गोठायला मदत करतं. जखम ओलसर राहते, पण पाण्यात डुंबत नाही आणि पट्टी काढताना नवी त्वचा ओरबाडली जात नाही.

‘जखम सुकू द्या, खपली धरू द्या’ हे आपल्याकडे घरोघर ऐकू येतं. लंडनच्या जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर केलेल्या प्रयोगात उलटंच दिसलं. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने आली. कोरड्या खपलीखाली त्वचेच्या पेशींना ओलावा शोधत खोलवरून वाट काढावी लागते. अल्जिनेटचा खरा उपयोग हा ओलावा राखण्यात आहे. मधुमेही पायांच्या जखमा इतर ड्रेसिंगपेक्षा अल्जिनेटने लवकर भरतात, असा ठोस पुरावा मात्र वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात मिळाला नाही. कोरड्या जखमेवर तर ते लावूच नये, चिकटून बसतं.

दाह, म्हणजे सूज, कमी करण्याच्या बाबतीत खरी उत्सुकता आहे ती शैवालातल्याच दुसऱ्या एका पदार्थाबद्दल, फ्युकॉयडनबद्दल. तपकिरी शैवालांतली ही गंधकयुक्त शर्करा सिलेक्टिन नावाच्या प्रथिनांना अडवते. त्यांच्या आधारानेच पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरतात आणि सुजलेल्या जागी शिरतात. पकडच सुटली की गर्दी कमी. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांमध्ये हे दिसलं आहे. माणसांमधला पुरावा अजून तोकडा आहे.

आणि शैवालातून आलेलं सगळंच सूज उतरवतं असं नाही. लाल शैवालातलं कॅराजीनन उंदराच्या पंजात टोचलं की काही तासांत पंजा सुजतो. सूजेवरची औषधं तपासायला संशोधक १९६२ पासून हीच सूज वापरत आले आहेत. फ्युकॉयडनची रचनाही शैवालाच्या जातीनुसार आणि ऋतूनुसार बदलते, शिवाय ते रक्त पातळ करू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्याच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.