चोरून वाचायची सोय

पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचणं ही आपल्याकडची जुनी युक्ती. घरच्यांना चालणार नाही असं बरंच काही त्या कव्हराखाली खपून गेलेलं आहे. अंध वाचकाला मात्र ती कधीच वापरता आली नाही. त्याच्यासाठी पुस्तक कुणीतरी मोठ्याने वाचायचं, ब्रेलमध्ये उतरवायचं, नाहीतर टेपवर बोलून ठेवायचं. म्हणजे काय वाचायचं आहे ते आधी दुसऱ्याला सांगणं आलं. आणि समलिंगी माणसाला नेमकं तेच सांगायचं नसतं, निदान सुरुवातीला तरी. म्हणून अंध वाचकांपर्यंत समलिंगी साहित्य कसं पोचलं याची हकीकत बरीचशी या मधल्या माणसाचीच आहे.

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण तिथे हा मधला माणूस थेट कोर्टात उभा राहिला. ३ मार्च १९३१च्या प्रॅट-स्मूट कायद्याने लायब्ररी ऑफ काँग्रेसला अंध प्रौढांसाठी पुस्तकं तयार करायला वर्षाला एक लाख डॉलर मिळू लागले. १९३४पासून ‘टॉकिंग बुक्स’ आली. ती तबकड्यांवर असत. एका बाजूला जेमतेम पंधरा मिनिटांचा मजकूर मावे, त्यामुळे एक कादंबरी म्हणजे तबकड्यांचा पेटाराच. तो पोस्टाने यायचा, ग्रामोफोनवर लागायचा आणि अख्ख्या घराला ऐकू जायचा. कोणती पुस्तकं करायची हे सरकारी ग्रंथपाल ठरवत.

सगळा कारभार पोस्टावर चालत होता आणि त्या काळी समलिंगी मजकुराला पोस्टाचीच बंदी होती. ‘वन’ या समलिंगींच्या मासिकाचा ऑक्टोबर १९५४चा अंक लॉस एंजेलिसच्या पोस्टमास्तरने अश्लील म्हणून अडवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १३ जानेवारी १९५८ रोजी मासिकाच्या बाजूने निकाल लागला. (योगायोग असा, की बरोबर अठरा वर्षांनी, १३ जानेवारी १९७६ला, रे कुर्झवाइल यांनी छापील पान मोठ्याने वाचून दाखवणारं यंत्र जगापुढे आणलं. ते इतकं महाग होतं की घरी घेणं कुणाच्या आवाक्यात नव्हतं. पण माणसाच्या मदतीशिवाय छापील पान वाचता येतं, हे त्या दिवशी दिसलं.)

म्हणजे डोळस वाचकालाही हे साहित्य १९५८नंतरच जरा मोकळेपणाने पोस्टातून मिळू लागलं. अंध वाचकाला पुढेही मुख्यतः सरकारी यादीवरच विसंबावं लागलं. ती यादी किती नाजूक असते हे १९८५ साली दिसलं. निमित्त मात्र समलिंगी पुस्तकाचं नव्हतं, ‘प्लेबॉय’चं होतं. हे मासिक १९७०पासून ब्रेलमध्ये निघत होतं, चित्रांविना, नुसता मजकूर. ‘मी ते लेखांसाठी घेतो’ ही सबब ज्यांच्या तोंडी शंभर टक्के खरी ठरली असती असे हेच वाचक! ओहायोचे काँग्रेस सदस्य चाल्मर्स वायली यांना सरकारी पैशाचा हा उपयोग खटकला. त्यांनी अंध वाचकांच्या कार्यक्रमाच्या निधीतून बरोबर १,०३,००० डॉलर कापायला लावले. ब्रेल ‘प्लेबॉय’चा खर्च नेमका तेवढाच होता. ग्रंथालयाचे प्रमुख डॅनियल बूर्स्टिन यांनी इशारा ओळखून ब्रेल आवृत्ती बंद केली.

अमेरिकन काउन्सिल ऑफ द ब्लाइंड ही अंधांची संघटना कोर्टात गेली. ग्रंथपालांची संघटना आणि युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांची संघटनाही तिच्याबरोबर होत्या. ऑगस्ट १९८६मध्ये न्यायाधीश थॉमस होगन यांनी निकाल दिला, की मजकूर आवडला नाही म्हणून त्याची ब्रेल प्रत थांबवणं हा अभिव्यक्तीच्या घटनात्मक हक्काचा भंग आहे. ब्रेल आवृत्ती पुन्हा सुरू झाली. मला हा निकाल समलिंगी साहित्याच्या दृष्टीनेही कळीचा वाटतो. त्यात मासिक कुणाचं हा मुद्दा दुय्यम होता. यादी करणाऱ्याच्या आवडीनिवडीला पहिल्यांदा कुणीतरी लगाम घातला होता.

कोर्टाची वाट न बघता काहींनी आपली सोय आधीच केली होती. मिनियापोलिसमध्ये १९८०च्या सुमारास ‘विमिन्स ब्रेल प्रेस’ उभी राहिली. स्त्रीवादी आणि लेस्बियन लेखन ब्रेलमध्ये आणि कॅसेटवर आणणं हे तिचं काम. शिकागोतही ‘लॅम्बडा रिसोर्स सेंटर फॉर द ब्लाइंड’ अशाच कामात होतं. अंधांसाठीच्या या कॅसेट साध्या टेपरेकॉर्डरवर चालत नसत. चार ट्रॅक, निम्मा वेग, आणि एका कॅसेटमध्ये सहा तासांपर्यंत वाचन. वाचणारे स्वयंसेवक. इथे मधला माणूस होताच, पण तो आपल्यातला होता, आणि त्याच्यापाशी पुस्तकाचं नाव उच्चारताना आवंढा गिळावा लागत नव्हता.

सरकारी कॅटलॉगमध्ये मात्र असं काही असलेल्या पुस्तकाच्या परिचयाखाली सावधगिरीची ओळ येई: शिवराळ भाषा आहे, लैंगिक वर्णनं आहेत, वगैरे. छापील पुस्तक चाळून अंदाज घेता येतो, टेपवर ते जमत नाही, हे खरं. पण बिचकवण्यासाठी लिहिलेली ओळ वाटाड्याचंही काम करते, हे कुठल्याही चाणाक्ष वाचकाला सांगावं लागत नाही.

पुढचे अडथळे कायद्याचे होते. एकेका पुस्तकासाठी प्रकाशकाची परवानगी काढावी लागे. अमेरिकन कॉपीराइट कायद्यातल्या १९९६च्या चाफी दुरुस्तीने ती अट काढली. त्या जोरावर २००२ साली जिम फ्रुक्टरमन यांच्या बेनेटेक संस्थेने ‘बुकशेअर’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केलं. कल्पना साधी: ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याने ते स्कॅन करून द्यायचं, बाकीच्यांनी डाउनलोड करून घ्यायचं. इथे यादी वरून खाली येत नाही. छोट्या प्रकाशनाची, समितीपुढे कधी गेलीही नसती अशी कादंबरी एकाच वाचकाच्या हट्टापायी सगळ्यांची होऊ शकते.

आपल्याकडे कायदा उलट जास्त उदार आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(झेडबी) कुणालाही अपंग व्यक्तीसाठी सुगम प्रत, म्हणजे तिला वाचता किंवा ऐकता येईल अशी प्रत, करायची मुभा देतं. त्यामागच्या मोहिमेत मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या अंधांसाठीच्या केंद्राचा मोठा वाटा होता. जून २०१३मध्ये अशा प्रतींना देशोदेशी मुभा देणारा मराकेश करार झाला आणि तो मान्य करणारा पहिला देश भारत. ऑगस्ट २०१६मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आलं. सभासद व्हायला दाखला लागतो, पण पुस्तक डाउनलोड करताना समोर कुणी बसलेलं नसतं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ मात्र ६ सप्टेंबर २०१८पर्यंत डोक्यावर होतंच. अशा काळात संस्थेतल्या वाचक-काकूंना ‘हे पुस्तक वाचून द्याल का’ असं विचारायला किती धीर लागला असता, त्याची कल्पना करून बघावी.

मराठीत वाचण्यासारखं नाही असंही नाही. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१चं, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ची, आणि पुण्यातून बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर सातत्याने लिहिलेलं आहे. अडतं ते फाँटपाशी. आपली कितीतरी पुस्तकं युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची सामाईक पद्धत, येण्याआधीच्या फाँटमध्ये जुळवलेली. प्रकाशकाने उदारपणे फाइल दिली तरी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, ती वाचायला घेतो तेव्हा ‘वसंत’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ ऐकू येते. मग पुन्हा पानं स्कॅन करा, अक्षरओळखीतून काढा आणि जोडाक्षरं तपासायला डोळस माणूस शोधा. मधला माणूस फिरून दारात हजर.

२०१७च्या अखेरीस ‘स्टोरीटेल’ हे ऑडिओबुकचं अॅप भारतात आलं आणि मराठी पुस्तकं पैसे भरून ऐकता येऊ लागली. ध्वनिमुद्रण झालं असेल तर फाँटचा प्रश्नच उरत नाही, पण झालं असेल तर. आयफोनमध्ये ‘स्क्रीन कर्टन’ नावाची सोय आहे. पडदा पूर्ण काळा, आवाज फक्त कानात. भर गर्दीच्या लोकलमध्ये शेजारच्याला हातात बंद फोन दिसतो.