लडाखच्या चढावर गाडीचा पिकअप कुठे जातो?

लडाखहून परतलेल्या मंडळींच्या गप्पांत एक तक्रार हमखास असते: 'लेहच्या पुढे गाडी ओढतच नव्हती, पेट्रोल भेसळीचं असणार.' भेसळ होत नाही असं नाही, पण इथे तिच्यावर विनाकारण आळ येतो.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनात जास्त पेट्रोल जातं, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पेट्रोल गाडीत आपला पाय उघडतो तो थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप. आत किती हवा आली याचा अंदाज सेन्सरवरून घेऊन इंजिनाचा संगणक तेवढ्या हवेला पुरेल इतकंच पेट्रोल फवारतो. साधारण १४.७ ग्रॅम हवेला १ ग्रॅम. त्यामुळे ताकद किती मिळणार हे हवा ठरवते.

आता लेहजवळची खारदुंग ला ही खिंड. उंची सुमारे ५,३५९ मीटर (तिथल्या जुन्या पाटीवर याहून बरीच जास्त लिहिलेली असे). तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. ऑक्सिजनचं प्रमाण मात्र मुंबईत असतं तेवढंच, २१ टक्के, हवाच विरळ. म्हणून कापराची पुरचुंडी हुंगून ऑक्सिजन वाढत नाही. कापराच्या वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच.

१,२०० सीसीचं इंजिन दर दोन फेऱ्यांत फार तर १.२ लिटर हवा ओढतं, मुंबईत असो की खारदुंग लावर. पण मुंबईत ३० अंशांना एका लिटर हवेचं वजन भरतं सुमारे १.१६ ग्रॅम, आणि खिंडीत शून्य अंशाला ०.६६ ग्रॅम. म्हणजे ५७ टक्के हवा, ५७ टक्के पेट्रोल, ५७ टक्के ज्वलन.

मग ताकदही ५७ टक्के? नाही, त्याहून कमी. पिस्टन, बेअरिंग, ऑइल पंप यांच्या घर्षणात जाणारी ताकद उंचीवर फारशी घटत नाही. समजा खाली ज्वलनातून ९५ अश्वशक्ती निर्माण होते, १५ घर्षणात जाते आणि ८० हाती लागते. वर ९५ चे झाले ५४. त्यातले १५ वजा केले की उरले ३९, निम्म्यालाही कमी.

मला यातली सर्वांत मजेदार गोष्ट वेगळीच वाटते. सपाट रस्त्यावर संथ चालवताना थ्रॉटल बराचसा मिटलेला असतो, आणि त्याच्यामागे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, दाब वातावरणाच्या निम्म्यापर्यंत किंवा त्याहून खाली येतो. म्हणजे पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये आपण इंजिनाला रोजच खारदुंग लाची हवा पाजत असतो! फरक इतकाच की पुण्यात पाय आणखी दाबायला जागा असते, वर पाय तळाला टेकलेला असतो. महाबळेश्वरला, साधारण १,३५० मीटरवर, आठवा हिस्सा ताकद गेलेली असते. पाय थोडा जास्त दाबून आपण ती नकळत भरून काढतो.

यावर तोड म्हणजे टर्बोचार्जर: बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बाइन फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या पंख्याने हवा दाबून आत भरायची. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंच डोंगरावर नेऊन चालवलं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं इंजिन वर २३० वर आलं. टर्बो जोडल्यावर ३५६.

तरीही टर्बो डिझेल गाड्या खिंडीतल्या चढावर गाडी उचलताना बंद पडतात. कमी आरपीएमला धूर कमी, म्हणून टर्बाइन मंद, म्हणून हवेवर दाब नाही, आणि हवा नाही म्हणून धूर कमी. या फेऱ्यातून सुटायला पहिला गिअर टाकून आरपीएम चढवावे लागतात. विजेच्या मोटारीला श्वासच घ्यायचा नसल्याने ही भानगड नाही. २०१८ साली पाइक्स पीकची चढण आठ मिनिटांच्या आत पार करणारी पहिली गाडी विजेवरचीच होती.

आणि गाडी सातारा रस्त्यावरच दम टाकत असेल, तर उंचीला दोष देऊ नका. एअर फिल्टर उघडून बघा.