परग्रही प्रणयकादंबरी

पृथ्वीवरचा माणूस आणि दुसऱ्या ग्रहावरचा बुद्धिमान जीव यांच्या प्रेमाभोवती रचलेली कादंबरी. विज्ञानकथा आणि प्रणयकथा या दोन घराण्यांतून ती निपजली आहे आणि दोन्हीकडची नाती सांभाळताना तिची तारांबळ उडते. विज्ञानकथेचा वाचक विचारतो, ‘हे घडू कसे शकते?’ प्रणयकथेचा वाचक विचारतो, ‘शेवटी दोघे एकत्र येतात ना?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर पटण्याजोगे असले तरी भागते. दुसऱ्याचे मात्र ‘हो’च असावे लागते. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या १९८० साली स्थापन झालेल्या लेखक-संघटनेने प्रणयकादंबरीची व्याख्या दोन अटींत बसवली : प्रेमकथा मध्यवर्ती हवी आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायी हवा. वाचक या दुसऱ्या अटीकडे कराराप्रमाणे पाहतात. नायक आपल्या ग्रहावर कायमचा निघून गेला तर ती उत्तम विज्ञानकथा ठरेलही, पण प्रणयकादंबरी म्हणून ती हाती घेतलेल्याला फसवल्यासारखे वाटते.

वाचनाचे सुख

शेवट आधीच ठाऊक असलेले पुस्तक वाचायचे कशाला, असे या प्रकाराकडे बाहेरून पाहणारे नेहमी विचारतात. ‘होईल का?’ ही धाकधूक काढून घेतली की ‘कसे होईल?’ याकडे बघायला सवड मिळते. परग्रही कादंबरीत हे ‘कसे’ इतर प्रणयकथांपेक्षा लांबते, कारण इथे काहीच गृहीत धरता येत नाही. एकाच गावातल्या दोघांच्या कथेत एक नजर, एक खाली घातलेली मान पुरते. परग्रहावरच्या नायकाला खाली घातलेल्या मानेचा अर्थच ठाऊक नसतो. त्याला विचारावे लागते. तिला सांगावे लागते, आणि सांगता सांगता तिच्या लक्षात येते की आपणही त्याचा कधी विचार केला नव्हता.

हमखास येणारा एक प्रसंग घ्या. यान कोसळले आहे, गुहेत शेकोटी पेटली आहे, ती धीर करून त्याच्याकडे पाहून हसते. त्याच्या जमातीत दात दाखवणे म्हणजे झुंजीचे आव्हान. तो दोन पावले मागे सरतो, शेपूट ताठ होते, हात भाल्याकडे जातो. ती घाबरून रडू लागते. आता त्याच्यापुढे नवेच संकट : हिच्या डोळ्यांतून पाणी गळते आहे आणि जखम तर कुठे दिसत नाही. तो बोटाने एक थेंब टिपून चाखतो, खारट लागतो, आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने आपला पाण्याचा बुधला तिच्यापुढे सरकवतो, गेले तेवढे भरून काढावे म्हणून. वाचकाला हसू येते, आणि हा गडी हवासा का वाटू लागला तेही त्याच ओळीत कळते.

म्हणूनच भाषेचा प्रश्न लेखक कसा सोडवतो यावर पुस्तकाची निम्मी रंगत ठरते. सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे कानामागे बसवलेली दुभाषी चिप. ती तिसऱ्या पानावर बसली की चौथ्या पानापासून दोघे अस्खलित भांडू लागतात. सोय झाली खरी, पण हातवारे, चुकीचे शब्द, एकमेकांच्या नावांचे विचित्र उच्चार हे सगळे हातचे जाते. कसलेले लेखक एक तर चिप उशिरा देतात, नाही तर तिच्यात खोट ठेवतात : तिला एखाद्या शब्दासाठी प्रतिशब्द सापडत नाही आणि नेमका तोच शब्द कथेला लागतो.

पूर्वपीठिका

मर्त्य आणि अमर्त्य, माणूस आणि ‘तो दुसरा’ यांच्या प्रेमाची गोष्ट यानांच्या फार आधीची आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरूरवा आणि उर्वशी यांचा संवाद येतो. शतपथ ब्राह्मणात त्या कथेला अट जोडली जाते आणि अट मोडताच अप्सरा निघून जाते. युरोपात १७४० साली मादाम द व्हिलनव्ह यांनी लिहिलेली आणि १७५६ साली मादाम द बोमाँ यांनी आटोपशीर केलेली सुंदरी-राक्षसाची कथा याच जातीची. फरक मोलाचा आहे. त्या कथेत राक्षस शेवटी देखणा राजपुत्र होतो. आजच्या परग्रही कादंबरीत नायकाची शिंगे शेवटच्या पानावरही जागच्या जागी असतात, आणि ती झडली तर वाचक पुस्तक भिरकावून देतील.

विज्ञानकथेच्या हद्दीतला ठळक पूर्वज म्हणजे एडगर राइस बरोज यांची ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’. १९१२ साली ती मासिकातून क्रमशः आली आणि १९१७ मध्ये पुस्तकरूपात. जॉन कार्टर हा सैनिक मंगळावर पोचतो आणि देजा थोरिस या राजकन्येशी लग्न करतो. ती दिसते माणसासारखीच, फक्त वर्ण तांबडा. पण तिच्या वंशात अंडी घालतात. अखेरीस राजवाड्याच्या गच्चीवर सोन्याच्या उबवणीयंत्रात एक शुभ्र अंडे ठेवलेले असते आणि ते फुटण्याआधीच कार्टर पृथ्वीवर फेकला जातो. आजच्या निकषांवर हा शेवट नापास.

विषयाला खरी धार आणली फिलिप होजे फार्मर यांच्या ‘द लव्हर्स’ने. जॉन कॅम्पबेल आणि होरेस गोल्ड या त्या काळच्या दोन वजनदार संपादकांनी नाकारलेली ही दीर्घकथा १९५२ साली ‘स्टार्टलिंग स्टोरीज’ मासिकात छापून आली आणि पुढच्याच वर्षी फार्मर यांना होतकरू लेखकासाठीचे ह्यूगो हे विज्ञानकथेतले पारितोषिक मिळाले. कडक धर्मसत्तेत वाढलेला हॅल यॅरो परक्या ग्रहावर जनेटच्या प्रेमात पडतो. ती हुबेहूब स्त्री दिसते, पण कीटकांसारख्या वंशातून आलेली असते, आणि हे ती त्याला सांगत नाही. ती सतत मद्य घेते. तिला व्यसन लागले आहे असे समजून तो तिच्या नकळत मद्याऐवजी दुसरे पेय देऊ लागतो. मद्यामुळे गर्भधारणा टळत होती आणि तिच्या जातीत माता बाळंतपणात मरते, हे त्याला कळते तेव्हा वेळ टळून गेलेली असते. दोघांपैकी एकाने जरी तोंड उघडले असते तर ही शोकांतिका झाली नसती. पुढची सगळी परग्रही प्रणयकादंबरी जणू या कथेची दुरुस्ती आहे : तिथले नायक-नायिका विचारतात.

१९६६ मध्ये दूरचित्रवाणीवर ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली. तिच्यातला स्पॉक हा व्हल्कन या परग्रही जमातीतला पिता आणि मानवी माता यांचा मुलगा, हिरव्या रक्ताचा, भावना दाबून ठेवणारा. १९६७ च्या एका भागात व्हल्कनांना ठराविक वर्षांनी येणारा मीलनज्वर दाखवला गेला. जोडीदार मिळाला नाही तर जीव जातो असा. आजच्या कादंबऱ्यांत ‘हीट’ म्हणून येणाऱ्या प्रकाराचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. त्याच वर्षी ‘स्पॉकानालिया’ हे चाहत्यांचे हौशी नियतकालिक निघाले. चाहत्यांच्या अशा लेखनात स्त्रियांचा वाटा मोठा होता, आणि त्यातून या प्रकाराचा कायापालट झाला. जुन्या पल्प, म्हणजे स्वस्त कागदावर छापलेल्या रंजक मासिकांत पृथ्वीवरचा पुरुष जाऊन परग्रहावरची सुंदरी जिंकून आणी. आता पृथ्वीवरची स्त्री कथा सांगू लागली आणि परका झाला तो नायक.

गंभीर विज्ञानकथेने मात्र या आकर्षणाकडे संशयाने पाहिले. जेम्स टिपट्री ज्युनियर या पुरुषी टोपणनावाने लिहिणाऱ्या ॲलिस शेल्डन यांनी १९७२ च्या एका कथेत परग्रहवासीयांच्या ओढीने झुरणारी, त्यांच्यामागे फरफटणारी मानवजात रंगवली. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘डॉन’मध्ये (१९८७) ओआनकाली हे जीव उद्ध्वस्त पृथ्वीवरच्या माणसांना वाचवतात, पण संकराच्या बोलीवर. त्यांच्यातली तिसऱ्या लिंगाची व्यक्ती तोंडाने ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाला सांगते, की तुझे शरीर वेगळे उत्तर देत आहे. ही प्रणयकादंबरी नव्हे, पण प्रणयकादंबरी लिहिणाऱ्याने आधी वाचावी अशी आहे. दोन घराणी जवळ आल्याची खूण म्हणून कॅथरीन असारो यांच्या ‘द क्वांटम रोझ’चा उल्लेख करतात. हिच्यातले दोघेही मानववंशीच, ग्रह तेवढे वेगळे. तिला २००१ सालच्या कादंबरीसाठीचे नेब्युला पारितोषिक मिळाले. असारो स्वतः रसायनभौतिकीतल्या पीएच.डी. आहेत.

शरीराचा पेच

घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२. दोघांचे खेचर होते ६३ गुणसूत्रांचे आणि बहुधा वांझ. पृथ्वीवरच्या दोन सख्ख्या शेजाऱ्यांची ही गत, तर ज्याची जीवसृष्टी स्वतंत्रपणे उपजली त्या जीवाशी माणसाचा संकर होण्याची आशा नाही. त्याच्याकडे डीएनए असेलच असेही नाही. मग कादंबरीकार पळवाटा काढतात. प्राचीन काळी कोण्या वंशाने अनेक ग्रहांवर एकच बीज पेरले, ही सर्वांत जुनी. ‘स्टार ट्रेक’नेही १९९३ मध्ये आपल्या माणूससदृश परग्रहवासीयांचा उलगडा असाच केला. प्रयोगशाळेतली जुळवाजुळव ही दुसरी, शरीरात शिरून दोघांना जुळवून घेणारा सहजीवी ही तिसरी. अंतराचेही तसेच. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे ‘कशी आहेस?’ याचे उत्तर यायला आठ वर्षांहून जास्त काळ लागेल. प्रकाशापेक्षा वेगवान याने त्यासाठीच असतात. खरे तर पळवाट कोणतीही चालते. ती एकदा सांगून लेखकाने पुढे पाळली पाहिजे एवढीच वाचकाची अट. पहिल्या भागात अशक्य म्हटलेले बाळ पाचव्या भागात विनाखुलासा जन्मले की तक्रारी सुरू होतात.

नायक प्रत्यक्षात फारसे परके नसतातच. दोन हात, दोन पाय, रुंद खांदे, वर निळी वा हिरवी कातडी, शिंगे, शेपूट. डोळे नसलेला, वायुरूप किंवा वसाहतीने राहणारा जीव नायक म्हणून विरळाच. इथे विज्ञानकथा हरते आणि प्रणयकथा जिंकते.

नियत जोडीदार

वाचकांच्या बोलण्यात ‘फेटेड मेट्स’ म्हणून येणारी कल्पना अशी : नायकाच्या जातीत प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला असतो आणि तो समोर येताच शरीर ओळख पटवते. वास येतो, त्वचेवर नक्षी उमटते, छातीत काही घुमू लागते. मानव-लांडग्यांच्या प्रणयकथांतही ती मुबलक आहे. तिचे आकर्षण उघड आहे : हा आपल्याला सोडून जाणार नाही, याची हमी जीवशास्त्रच देते. पण याच हमीने या प्रकाराचा प्राण असलेले विचारणे धोक्यात येते, कारण कोणी विचारण्याआधीच शरीराने ठरवून टाकलेले असते. शिवाय कथेची सुरुवात पुष्कळदा अपहरणाने होते. नायिकेला पळवून विकायला नेले जाते, नायक तिला सोडवतो किंवा, जास्त अडचणीचे, विकत घेतो. चांगल्या कादंबऱ्यांत शरीराचा कौल आल्यावरही नायक थांबतो आणि तिचा होकार स्वतंत्रपणे मागतो. वाईट कादंबऱ्यांत ओआनकालींचेच वाक्य गोड आवाजात ऐकू येते. दुसरा आक्षेप ‘रानटी’ नायकावर घेतला जातो. भाला, कातड्याची वस्त्रे, टोळी, रांगडे शौर्य, आणि त्याला सुधारणारी पृथ्वीकन्या : वसाहतकाळातल्या गोष्टींचा साचा ग्रह बदलून पुन्हा वापरला, तर कातडीचा निळा रंग तो झाकू शकत नाही.

बाजार आणि वाचक

या प्रकाराचा आजचा सुकाळ ई-पुस्तकांमुळे आला. ॲमेझॉनने २००७ मध्ये लेखकांना स्वतः पुस्तक प्रकाशित करण्याची सोय दिली, २०१४ मध्ये वर्गणीवर हवे तेवढे वाचण्याची योजना आणली आणि २०१५ पासून त्या योजनेत लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांनुसार पैसे मिळू लागले. लांबलचक मालिका, दर भागात नवी जोडी आणि मागच्या जोडीची धावती भेट ही रचना या हिशेबाला चपखल बसते. रुबी डिक्सन या टोपणनावाने २०१५ मध्ये स्वप्रकाशित झालेली ‘आइस प्लॅनेट बार्बेरियन्स’ हे याचे ठळक उदाहरण. पळवून आणलेल्या स्त्रिया हिमग्रहावर अडकतात. तिथे जगायचे तर अंगात एक सहजीवी घ्यावा लागतो आणि जोडीदार समोर आला की तोच छातीत घुमू लागतो. २०२१ मध्ये टिकटॉकवरच्या वाचकांनी ती उचलून धरली आणि त्याच वर्षी एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती नव्याने छापली.

प्रणयकादंबऱ्या कोण आणि का वाचतो, याचा बारकाईने शोध जॅनिस रॅडवे यांनी ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या अभ्यासात घेतला. अमेरिकेतल्या एका गावातल्या नेमाने वाचणाऱ्या स्त्रियांशी त्या बोलल्या. घरादाराच्या मागण्यांतून स्वतःसाठी काढलेला वेळ, असे या स्त्रिया वाचनाचे वर्णन करत. पुस्तक उघडे असेपर्यंत त्या कोणाच्याच हाताशी नसत. परग्रही कादंबरीला हे थोडे अधिकच लागू पडते. तिच्यात नायिकेच्या पाठीमागचे घर, नोकरी, देणी सगळे पहिल्याच प्रकरणात काही प्रकाशवर्षे मागे पडते, आणि बहुतेक नायिका परत जाण्याची संधी मिळूनही जात नाहीत.

सराईत वाचक पुस्तक उघडण्याआधी दोन-तीन गोष्टी पाहून घेतो : मालिकेतला क्रमांक, ‘स्पाइस’ किती म्हणजे शृंगार किती उघड, आणि सुरुवातीला दिलेली सूचना. अपहरण, हिंसा, गुलामगिरी यांबरोबर या सूचनेत हल्ली गरोदरपणही नोंदवलेले दिसते, कारण उपसंहारात येणाऱ्या बाळावरून वाचकांत उभी फूट आहे. काहींना त्याच्याशिवाय गोष्ट पुरी झाल्यासारखी वाटत नाही. काहींना एवढ्या दूर येऊनही पाळणाच हलवायचा होता का, असा प्रश्न पडतो. पहिल्या गटाचे वाचक बाळाला शेपूट आहे की नाही ते आधी बघतात.