नकुसा: एका नावाची पार्श्वभूमी

मुलीसाठी ‘न’ अक्षरावरून नाव शोधायला बसलं की यादीत नयना, निहारिका, नूपुर, नंदिनी अशी नावं येतात. अर्थाच्या रकान्यात कुठे डोळे, कुठे धुकं, कुठे पैंजण. नकुसा अशा कुठल्याही यादीत नसतं. तरीही २०११ साली एकट्या सातारा जिल्ह्यात हे नाव लावणाऱ्या २८५ मुली मोजल्या गेल्या.

या नावाची व्युत्पत्ती सांगायला संस्कृतात शिरावं लागत नाही. ‘नको’ या रोजच्या शब्दापासून नकोसा झाला, जसा हवापासून हवासा. ‘या उन्हात जीव नकोसा झालाय’ असं आपण सहज म्हणतो. गावाकडच्या बोलीत त्याचंच नकुसा होतं. नकोशी, नकुशी, नकुशा अशीही रूपं आढळतात. नियमानं पाहिलं तर ‘नकोसा’ हे पुल्लिंगी विशेषण; मुलीला ‘नकोशी’ शोभावं. पण सीता, रमा, शांता यांच्या आकारान्त ओळीत नकुसाही बसून गेलं. व्याकरणाची आवड असलेल्याला यात गंमत वाटेल, जिचं नाव आहे तिला वाटणार नाही.

मुलाला मुद्दाम ओबडधोबड नाव ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि नकुसालाही पुष्कळदा त्याच खात्यात टाकलं जातं. मला ते पटत नाही. दगडू, धोंडू, केरबा, कचरू, भिकाजी ही नावं कुठून आली ते पाहा. एखाद्या घरात मुलं जगत नसत. दोन-तीन गेल्यावर झालेल्या मुलाला दृष्ट लागू नये, नियतीचं लक्ष जाऊ नये म्हणून त्याला दगड म्हणायचं, केर म्हणायचं. उकिरड्यावर क्षणभर ठेवून परत उचलायचं. याचं टोक म्हणजे नथू. मुलाचं नाक टोचून त्यात नथ घालायची आणि त्याला मुलगी म्हणून वाढवायचं. मृत्यू घराशी आला तरी मुलगी पाहून मागे फिरेल, ही समजूत. म्हणजे मृत्यूलासुद्धा मुलगी नकोच असते, हे आईबापांनी गृहीत धरलेलं.

अशी नावं मुलींनाही मिळाली आहेत. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामात निजामाच्या रझाकारांविरुद्ध लढलेल्या दगडाबाई शेळके सगळ्यांना ठाऊक आहेत. दगडाबाई, धोंडाबाई ही नावं खेड्यापाड्यांत कालपरवापर्यंत होती, आणि दगडूप्रमाणेच ती लेकरू टिकावं यासाठी असत. दगडू हे खोटं नाव आहे. आई तोंडानं दगड म्हणते आणि पदराखाली घट्ट धरते. नकुसात काहीच खोटं नाही. तिसरी, चौथी, पाचवी मुलगी झाल्यावर घरात जे बोललं गेलं, तेच नाव झालं. शिवाय ते नाव तिच्यासाठी नसतंच. ते देवाला घातलेलं साकडं असतं: मुली पुरे झाल्या, आता मुलगा दे. असं नाव ठेवलं की पाठीवर मुलगा होतो, अशी समजूत होती. झालाच तर त्याचं श्रेय नावाला जायचं, आणि पुढच्या घरात आणखी एक नकुसा.

बाराव्या दिवशी पाळणा बांधून, ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ करून आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं, ही आपल्याकडची पद्धत. तिसऱ्या-चौथ्या मुलीला बारशाचा थाट कुठला? हाक मारायला काहीतरी लागतं म्हणून चिकटलेलं नाव पहिलीच्या प्रवेशाला गुरुजींनी विचारलं, सांगितलं ते लिहून घेतलं, आणि मग ते हजेरीत, दाखल्यावर, शिधापत्रिकेवर उतरलं.

याला फक्त मराठी माणूस जबाबदार आहे असं कुणी म्हणू नये, आणि तो त्यातून सुटतो असंही नाही. तमिळनाडूत ‘वेंडाम’ नावाच्या मुली आहेत. शब्दाचा अर्थ थेट ‘नको’. तिथेच ‘पोदुम्पोण्णू’, म्हणजे मुलगी पुरे. बंगालीतलं जुनं आन्नाकाली हे ‘आर ना, काली’चं जोडरूप: आता आणखी नको गं, कालीमाते. राजस्थानात धापू, म्हणजे पोट भरलं. तुर्कस्तानात येतेर, म्हणजे पुरे. चिनी भाषेतलं झाओदी तर भावाला बोलावून आणणारी असं सरळच सांगतं. हरियाणातली कुस्तीपटू अंतिम पंघाल ही घरातली चौथी मुलगी. ही शेवटची ठरो म्हणून अंतिम. २०२२ मध्ये वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला मल्ल ठरली, त्याच नावानं. या सगळ्यांत मला मराठी नावच जास्त बोचतं. पुरे, शेवटची, पोट भरलं यांत निदान मोजदाद आहे. नकुसात मोजदाद नाही, थेट त्या मुलीलाच नकार आहे. तमिळ वेंडाम तेवढं तिच्या जोडीला बसतं.

हे नाव पुढे कमी का झालं असावं, याचं एक कारण फार अडचणीचं आहे. गर्भलिंग तपासण्याचं तंत्र १९८०च्या दशकात शहरांतल्या दवाखान्यांत आलं आणि हळूहळू तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, देशात सर्वांत आधी. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. नकुसा हे जन्माला आलेल्या मुलीचं नाव आहे. सोनोग्राफीनंतर बऱ्याच ‘नको’ना नाव ठेवायची वेळच आली नाही. त्यामुळे शाळेच्या पटावर नकुसा दिसत नाही म्हणून लगेच समाधान मानावं, असं मला वाटत नाही.

साताऱ्यात झालेली मोजणीही याच काळजीतून झाली. मुलींचं प्रमाण घसरतंय हे जनगणनेतून दिसल्यावर जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागानं या नावाच्या मुली शोधून काढल्या आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी त्यांचं सामूहिक नामकरण केलं. मुलींनी नावं स्वतः निवडली, नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि फुलं घेतली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली, कुणी सावित्री. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. ही बातमी जगभर छापून आली, आणि ज्या नावाची घराबाहेर कधी चर्चा झाली नव्हती त्याचा अर्थ परदेशी वाचकांना इंग्रजीतून समजावून सांगितला गेला.

थोरल्या पिढीतल्या नकुसांसाठी असा सोहळा झाला नाही, पण त्यांच्यातल्या काहींची सुटका वेगळ्याच वाटेनं झाली असणार. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. ही प्रथा बाईची ओळख पुसते म्हणून तिच्यावर टीका होते, आणि ती योग्यच आहे. पण माहेराहून नकुसा म्हणून निघालेली मुलगी सासरी सुमन किंवा मंगल झाली, तर तिनं त्या तांदळाकडे कोणत्या नजरेनं पाहिलं असेल? माहेरी गेल्यावर मात्र तीच जुनी हाक.

कागदावरचं नाव बदलायचं तर आता राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. तिथे जुनं नाव आणि नवं नाव शेजारी शेजारी छापतात. बँकेचं खातं, आधार, पॅन यांसाठी पुढे तेच पान दाखवावं लागतं, म्हणून त्याच्या दोन-चार प्रती काढून ठेवलेल्या बऱ्या.