राखेल रॉइसचे पुष्प-स्थिरचित्र

राखेल रॉइस (१६६४–१७५०) : डच चित्रकर्ती. गडद पार्श्वभूमीवर उजळून निघालेल्या फुलांच्या स्थिरचित्रांसाठी (मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्रांसाठी) प्रसिद्ध. जन्म हेगचा, आयुष्य बहुतेक अ‍ॅम्स्टरडॅममध्ये गेले. वडील फ्रेडरिक रॉइस हे नामवंत शरीररचनाशास्त्रज्ञ आणि तेथील वनस्पतिउद्यानात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. जतन केलेल्या प्राणी-वनस्पतींच्या नमुन्यांचा त्यांचा संग्रह इतका नावाजलेला होता की रशियाच्या पीटर द ग्रेटने तो १७१७ मध्ये विकत घेतला. राखेलची नजर या संग्रहावरच तयार झाली. पंधराव्या वर्षाच्या सुमारास ती विलेम व्हान आल्स्ट या फुलांच्या चित्रकाराकडे शिकू लागली.

अमेरिकेतील टोलीडो कलासंग्रहालयातले तिचे ‘पुष्प-स्थिरचित्र’ (सु. १७२६, कॅनव्हासवरील तैलरंग) हा तिच्या शैलीचा उत्तम नमुना. फुले डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्याकडे तिरकी चढत जातात आणि टेबलाची कड नेमकी उलट दिशेने तिरपी जाते. या ओढाताणीमुळे चित्रात हालचाल येते. सुमारे शतकभर आधीचा पुष्पचित्रकार आम्ब्रोसियस बोसखार्ट याच्या चित्रांतील फुलदाण्या थेट समोरून दिसणाऱ्या, जवळजवळ सममित मांडलेल्या असत. त्यांच्याशेजारी रॉइसची फुले वाऱ्यावर सुटल्यासारखी वाटतात. देठ वाकतात, पाकळ्या मागे वळतात, काही फुले प्रेक्षकाकडे पाठ फिरवतात.

या चित्रांना ‘वनस्पतिशास्त्रीय’ म्हणण्याची पद्धत आहे, ती अर्धीच खरी. एकेक फूल, एकेक किडा निरीक्षणाने काटेकोर उतरलेला असतो. गुच्छ मात्र कल्पनेतला. या परंपरेत वसंतातील ट्यूलिप आणि भर उन्हाळ्यातील अफूची फुले एकाच फुलदाणीत नांदतात, कारण चित्रकार वेगवेगळ्या ऋतूंत केलेल्या अभ्यासचित्रांवरून रचना जुळवत.

१६९३ मध्ये तिने व्यक्तिचित्रकार युरियान पोलशी विवाह केला. ती दहा मुलांची आई होती, हे तिच्याविषयी हमखास लिहिले जाते. पोलही तितक्याच मुलांचा बाप होता, हे सहसा कोणी लिहीत नाही. १७०१ मध्ये हेगच्या ‘कॉनफ्रेरी पिक्तुरा’ या चित्रकारसंघाने तिला सदस्य करून घेतले; त्या संघातील ती पहिली स्त्री. १७०८ पासून ड्युसेलडॉर्फला दरबार असलेला पॅलॅटिनेटचा इलेक्टर (सम्राटाच्या निवडीत मत असलेला जर्मन राज्यकर्ता) योहान व्हिल्हेल्म याची ती दरबारी चित्रकार झाली, पण बिऱ्हाड अ‍ॅम्स्टरडॅमलाच ठेवले. फळे आणि कीटकांचे तिचे १७११ चे चित्र इलेक्टरने आपले सासरे, तस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो यांना भेट दिले. ते आता फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात आहे. १७१६ मध्ये इलेक्टर वारला आणि ती नेमणूक संपली. १७२३ मध्ये कुटुंबाला लॉटरीत मोठे बक्षीस लागले. पैशाची ददात उरली नाही, तरी तिने ऐंशी ओलांडेपर्यंत कुंचला सोडला नाही. उतारवयातील काही चित्रांवर तिने सहीसोबत आपले वयही लिहिले आहे.

हयातीत तिच्या चित्रांना भरघोस किंमत मिळे. १७५० मध्ये अकरा कवींनी तिच्यावर रचलेल्या स्तुतिकविता एकत्र प्रसिद्ध झाल्या. केवळ तिच्या कामाला वाहिलेले पहिले मोठे संग्रहालयीन प्रदर्शन मात्र २०२४ मध्ये म्यूनिकच्या आल्टे पिनाकोटेकमध्ये भरले. २०२५ मध्ये ते टोलीडो आणि बॉस्टनला गेले.