महापालिकेचा ठराव आणि वरच्या सरकारचा कायदा : पार्श्वभूमी

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले आणि प्रशासकांच्या हाती गेलेला कारभार पुन्हा सभागृहांकडे येण्याची वाट मोकळी झाली. राज्याच्या विधेयकाला विरोध, केंद्राकडे मागणी, एखाद्या अध्यादेशावर हरकत अशा ठरावांच्या सूचना आता पुन्हा नगरसचिवांच्या टेबलावर येतील. त्यांतल्या बहुतेकांचे काय होते आणि का होते, हे समजायला मागचा थोडा इतिहास पाहावा लागतो.

ठरावाचा प्रवास आधी. नगरसेवक लेखी सूचना देतो. तिला सूचक आणि अनुमोदक लागतात. नगरसचिव ती कार्यपत्रिकेवर घेतात, सभेत चर्चा होते, उपसूचना येतात, ठराव मंजूर होतो. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झाले की तो आयुक्तांकडे जातो. आयुक्त संबंधित खात्याचा अभिप्राय मागवतात. खाते बहुधा एकच वाक्य लिहिते, की सदर विषय शासनाच्या अखत्यारीतील आहे. मग एक तर ठराव पत्रासोबत नगरविकास विभागाकडे जातो, नाही तर दप्तरी दाखल होतो. नगरविकासकडे गेला तरी विषय महसूल, गृह किंवा वित्त विभागाचा असेल तर तिथून तो पुन्हा पुढे सरकावा लागतो. विधिमंडळाचे अधिवेशन दोन-तीन आठवड्यांचे, विधेयक मांडणे आणि मंजूर होणे यांत कधी कधी मोजकेच दिवस. इतिवृत्त कायम होण्याआधीच कायदा राजपत्रात आलेला असतो.

त्यातच शहर दोन तोंडांनी बोलते. सभागृहाचा ठराव वेगळा आणि आयुक्तांचा अभिप्राय वेगळा. मंत्रालयाला एखाद्या मसुद्यावर महापालिकेचे मत हवे असते तेव्हा पत्र आयुक्तांना जाते, उत्तरही त्यांच्याच सहीने येते, आणि फाइलवर तेच शहराचे म्हणणे म्हणून नोंदले जाते. आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. म्हणजे राज्याच्या मसुद्यावर राज्यानेच नेमलेला अधिकारी मत देतो. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाचे मत नंतर आले, वेगळे आले किंवा आलेच नाही, तरी फाइल अडत नाही. या विषयातला मुख्य दोष हाच आहे.

राज्यघटनेतही शहराला फारशी जागा नाही. स्थानिक स्वराज्य हा राज्यसूचीतला विषय. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने पाच वर्षांची मुदत दिली, बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिले, राज्य वित्त आयोग दिला. पण शहरांवर परिणाम करणारा कायदा करण्यापूर्वी शहराला विचारावे, असे तिच्यात कुठेही नाही. महापालिकेला आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी द्या असे घटना एकाच प्रसंगी सांगते, अनुच्छेद २४३-यू मध्ये, आणि तो प्रसंग महापालिका बरखास्त करण्याचा आहे. विधान परिषदेतली वाट मात्र जुनी आहे. अनुच्छेद १७१ नुसार परिषदेच्या सुमारे एक तृतीयांश जागा स्थानिक संस्थांचे सदस्य निवडतात. महाराष्ट्रात ७८ पैकी २२. शहराचे म्हणणे कायदेमंडळात नेण्याचा हाच खरा वैध रस्ता होता. पण या आमदारांना आपल्या महापालिकेचे ठराव सभागृहात मांडण्याची सक्ती कुणी केली नाही, आणि तशी प्रथाही पडली नाही.

स्वातंत्र्यापूर्वीचे एकच उदाहरण इथे घेण्याजोगे आहे, कारण त्यात हा सगळा गुंता आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव संमत केला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळे खुले केले. ते कागदावर. २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रहींनी प्रत्यक्ष पाणी घेतले आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. कायदे मंडळाचा ठराव तसाच राहिला, पण तो पाळायचा की नाही हे गावातले बहुमत ठरवत होते. शहराचे मत नेहमीच वरच्यापेक्षा अधिक न्यायाचे असते असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

यापुढचे प्रकरण महाराष्ट्राबाहेरचे, पण मराठी माणसाच्या अगदी जवळचे. बेळगाव, ऑक्टोबर २००५. सीमाभाग महाराष्ट्रात समाविष्ट व्हावा असा ठराव तिथल्या महापालिकेने बहुमताने केला. नोव्हेंबरमध्ये महापौरांना बंगळूरमध्ये गाठून तोंडाला काळे फासण्यात आले आणि त्याच महिन्यात कर्नाटक सरकारने १९७६ च्या महापालिका कायद्याचा भंग झाल्याचे कारण देऊन महापालिकाच बरखास्त केली.

महापालिकेला ठरावाचीच वाट का धरावी लागली, हे आधी पाहू. राज्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३ नुसार संसदेचा. राष्ट्रपती ते विधेयक संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवतात. ज्या शहराची मालकी बदलणार त्याला विचारण्याची तरतूदच नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद १३१ खाली दावा केला, पण तो दावा राज्य विरुद्ध राज्य आणि केंद्र असाच चालतो. महापालिका त्यात पक्षकार होऊ शकत नाही. संसद नाही, विधिमंडळ नाही, न्यायालयही नाही. उरतो तो ठराव.

सरकारची बाजू अशी : महापालिका हे राज्याच्या कायद्याचे अपत्य आहे, तिची कामे त्या कायद्यात लिहिली आहेत, ती पाणी, गटारे, रस्ते, दिवे अशी, राज्याच्या सीमेवर ठराव करणे तिच्या अधिकारात बसत नाही. हा युक्तिवाद बिनबुडाचा नाही. कर्तव्यांच्या यादीत सीमाप्रश्न नाही, हे खरेच आहे. पण ज्या ठरावाने तिजोरीतला एक रुपया खर्च होत नाही, कोणत्याही अधिकाऱ्याला काही करायला किंवा थांबवायला सांगितले जात नाही, कोणताही नियम बदलत नाही, तो ठराव अधिकाराचा वापर नसून मताची नोंद असते. मत अधिकाराबाहेरचे आहे असे वाटले तर ठराव रद्द करण्याचा सौम्य उपाय महापालिका कायद्यांत सहसा असतोच. ठराव पुसण्याऐवजी तो करणारे सभागृहच काढून टाकणे हा दंड होता. ज्या कारणासाठी निवडून आलेल्यांना लोकांनी मते दिली, ते कारण बोलून दाखवल्याचा दंड. डिसेंबर २०११ मध्ये बेळगावची महापालिका पुन्हा बरखास्त झाली. त्या वेळी तर ठरावही नव्हता. कर्नाटकाच्या स्थापनादिनी, १ नोव्हेंबरला, सीमाभागातले मराठी भाषक पाळतात त्या काळ्या दिनात महापौर सहभागी झाल्याने वाद पेटला होता. सप्टेंबर २०२१ मध्ये निवडणूक पक्षचिन्हांवर झाली आणि ५८ पैकी ३५ जागा एका राष्ट्रीय पक्षाकडे गेल्या.

महाराष्ट्रात इतके टोक गाठले गेले नाही. इथले हत्यार कलम ४५१. मुंबई वगळता बाकीच्या महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमातले. ठराव कायद्याविरुद्ध असेल, अधिकाराबाहेर असेल, शांतताभंग किंवा लोकांना उपद्रव होण्यासारखा असेल, सार्वजनिक किंवा महापालिकेच्या आर्थिक हिताविरुद्ध असेल, तर शासन त्याची अंमलबजावणी थांबवू शकते. व्यवहारात ते असे घडते : आयुक्त ‘ठराव विखंडित करावा’, म्हणजे रद्द करावा, म्हणून शासनाला पत्र पाठवतात, शासन तो आधी निलंबित करते, महापालिकेला आपले म्हणणे मांडण्यासाठी आदेशात सहसा ३० दिवस देते, मग अंतिमतः विखंडित करते. अडते ते या ३० दिवसांत. सभागृहाने उत्तर द्यायचे तर त्यासाठी पुन्हा ठराव हवा आणि सर्वसाधारण सभा महिन्यातून एकदा. ती तहकूब झाली की मुदत गेली. शिवाय उत्तर शासनाकडे पोहोचते ते आयुक्तांमार्फत, ज्यांनी विखंडन मागितले त्यांच्याच हातून.

इथे एक बारकावा अनेक नगरसेवकांच्या लक्षात येत नाही. कलम ४५१ अंमलबजावणीवर बोट ठेवते. ‘अमुक विधेयकाला या सभेचा विरोध आहे’ एवढेच म्हणणाऱ्या ठरावात अंमलबजावणी करण्यासारखे काहीच नसते, त्यामुळे तो विखंडित करण्याची गरज कुणाला भासत नाही. तो नुसता पडून राहतो. त्याच ठरावात ‘तोपर्यंत महापालिकेने या नियमाची अंमलबजावणी करू नये’ हे वाक्य आले की विखंडनाचा रस्ता उघडतो. टाळ्या बहुतेक या दुसऱ्या वाक्याला पडतात, आणि त्याच्याबरोबर पहिले वाक्यही बुडते.

आता जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर. व्यापाऱ्यांना ती नको होती, महापालिकांना हवी होती, कारण रोज हातात येणारा, राज्याच्या दारात न जाता मिळणारा तो एकमेव मोठा पैसा होता. २०१० पासून टप्प्याटप्प्याने आणि २०१३ मध्ये पुणे, ठाणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत जकातीच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. व्यापाऱ्यांचे बंद झाले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीआधी राज्य मंत्रिमंडळाने जकात ठेवायची की एलबीटी हे महापालिकांनीच ठरवावे, असे जाहीर केले. शहरांना कराबाबत इतका मोकळा निर्णय क्वचितच मिळाला असेल, आणि तोही राज्याला स्वतः घ्यायचा नव्हता म्हणून. वर्षभरात तो निरर्थक झाला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांचा एलबीटी राज्यानेच काढला; बदल्यात अनुदान आणि मुद्रांक शुल्कावरचा १ टक्का अधिभार.

मुंबईत जकात १ जुलै २०१७ पर्यंत टिकली. १०१व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली ५२वी नोंद, म्हणजे जकातीचा पायाच, वगळला. दुरुस्तीला राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागत होती, ज्यांचे उत्पन्न जात होते त्या शहरांची नाही. तरीही मुंबईच्या पदरात ठोस काही पडले : २०१६-१७ हे आधारवर्ष, दरवर्षी ८ टक्के वाढ आणि दरमहा हप्ता. हे सगळे राज्याच्या कायद्यात लिहिले गेले. पहिला हप्ता ६४७.३४ कोटींचा होता. हे महापालिकेच्या ठरावाने घडले असे म्हणता येत नाही. महापालिकेतला सत्ताधारी पक्ष राज्यातल्या सरकारचाही भागीदार होता. शहराच्या भूमिकेला वजन आले ते पक्षाच्या वजनातून. ज्या महापालिकांना असा आधार नव्हता त्यांनाही त्याच कायद्याचा लाभ मिळाला, हे चांगलेच झाले.

केंद्राच्या बाबतीत शहराचा नकार खरोखर चालला तो कायद्यावर नव्हे, योजनेवर. स्मार्ट सिटीच्या प्रस्तावाला सभागृहाचा ठराव ही अट होती. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्याच्या मुख्य सभेने विषय जानेवारीपर्यंत, म्हणजे केंद्राच्या मुदतीपलीकडे, तहकूब केला. राज्याने आदेश काढून खास सभा घ्यायला लावली आणि तिथे प्रस्ताव उपसूचनांसह मंजूर झाला. योजना राबवणाऱ्या स्वतंत्र कंपनीकडे अधिकार जाणार, हा मुख्य आक्षेप होता. नवी मुंबईच्या महासभेने प्रस्ताव फेटाळला. ते शहर योजनेच्या अंतिम यादीत आले नाही.

मार्च २०२२ नंतर ही सगळी चर्चाच थांबली. मुंबई आणि पुण्याची मुदत संपली, प्रशासक आले, आणि स्थायी समिती, मुख्य सभा, आयुक्त या तिन्हींचे अधिकार एकाच व्यक्तीत एकवटले. हद्द बदलताना महापालिकेशी विचारविनिमय करावा असे अधिनियम सांगतो. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची वगळण्याची घोषणा डिसेंबर २०२२ मध्ये झाली, २०२४ मध्ये ती वगळली गेली. घोषणेपासून वगळणुकीपर्यंतच्या संपूर्ण काळात पुण्यात एकही नगरसेवक पदावर नव्हता. विचारविनिमय झाला तो शासन आणि शासनाने नेमलेला प्रशासक यांच्यात. विधान परिषदेची वाटही तशीच बुजली : मतदार असलेले नगरसेवकच नाहीत, म्हणून स्थानिक संस्थांच्या जागा मुदत संपेल तशा रिकाम्या होत गेल्या. पुण्याची जागा डिसेंबर २०२२ पासून.

नव्या सभागृहांपुढे येणाऱ्या ठरावांसाठी या इतिहासातून काही कामाच्या गोष्टी निघतात. ‘काळ्या कायद्याचा निषेध’ असा ठराव मंत्रालयात कोणत्या टेबलावर ठेवायचा हेच कळत नाही. ठरावात विधेयकाचा क्रमांक आणि वर्ष हवे, खंड कोणता तो हवा, त्या जागी सुचवलेला मजकूर हवा, आणि लेखा विभागाने काढलेला वार्षिक परिणाम रुपयांत हवा. तो नगरविकास विभागाबरोबर मूळ विभागाला, विधेयक संयुक्त समितीकडे असेल तर समितीच्या सचिवालयाला आणि शहरातल्या सर्व आमदार-खासदारांना थेट पाठवण्याची सूचना ठरावातच लिहावी. नाही तर पत्र एकाच ठिकाणी जाते. इतिवृत्त त्याच सभेत कायम करून घ्यावे. आणि विषय अध्यादेशाचा असेल तर अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तो आपोआप संपतो. त्यामुळे त्याचे विधेयक या काळातच आणावे लागते, बहुधा पहिल्या काही दिवसांतच येते. नेहमीच्या मासिक सभेची वाट पाहिली तर ती संधी जाते, म्हणून अध्यादेश निघाला त्याच आठवड्यात खास सभेची मागणी द्यावी लागते.